गाडी उभी राहिली की काटा चढतो

गाडीला काय होतंय हे मी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. पळत असली की इंजिन थंड राहतं, उभी राहिली की तापमानाचा काटा चढतो, आणि रेडिएटरच्या पंख्याचा आवाज हल्ली येतच नाही. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने हे सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला विचारलं, "साहेब, एसी किती वापरता?"

माझ्या नवऱ्याला गाडी चालवता येत नाही. तो कॉलेजात इतिहास शिकवतो आणि शेजारच्या सीटवर बसून वर्तमानपत्र वाचतो. गाडी माझ्या नावावर आहे, चालवते मी, हवा भरून आणते मी. तो बिचारा म्हणालाही, "मला यातलं काही कळत नाही. यांनाच विचारा." तरी पुढचा सगळा खुलासा त्यालाच ऐकावा लागला. सोलापूरचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे साहेब, मॅडम गाडी उभी असतानाही एसी चालू ठेवत असतील, कूलंट कमी झालं असेल, भरून देतो.

"आणि पंख्याचं काय?" मी विचारलं.

"पंखा गरज पडली की आपोआप लागतो, मॅडम." पहिलीतल्या मुलीला सांगावं तसा त्याचा आवाज झाला.

"काटा लाल रेघेला टेकला तरी गरज पडत नाही का?"

तोवर तो दुसऱ्या गाडीकडे वळला होता.

कूलंट भरून गाडी घरी आणली आणि त्याच आठवड्यात सात रस्त्याच्या सिग्नलला काटा पुन्हा वर गेला. मी परत गेले. तेच तिन्ही मुद्दे, त्याच क्रमाने, त्याच माणसाला सांगितले. या वेळी त्यांनी थर्मोस्टॅट बदलला, म्हणजे इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप. पंख्याचं विचारलं तर उत्तर आलं, "चेक केलंय." कोणी केलं, कसं केलं, काही नाही. 'चेक केलंय' म्हटलं की बाईमाणसाने गप्प बसायचं असतं, अशी तिथली समजूत असावी.

गाडी लवकर नीट व्हावी अशी मला घाई होती ती आईमुळे. आई सांगोल्याला राहते. तिच्या डोळ्याच्या पडद्याला सूज आल्यामुळे डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागत होती, ती सोलापूरच्या दवाखान्यात. तिला आणायचं आणि पोचवायचं काम माझं. इंजेक्शननंतर डॉक्टर प्रत्येक वेळी बजावायचे, धूळ आणि ऊन यांपासून डोळा जपा.

थर्मोस्टॅट बदलल्यानंतर मी तिला पोचवायला निघाले. एका डोळ्यावर पट्टी, मांडीवर औषधांची पिशवी, एसीचा गार वारा, आई मजेत होती. मंगळवेढ्याच्या पुढे रस्त्याचं काम चाललं होतं आणि एकाच बाजूने गाड्या सोडत होते. आम्ही रांगेत उभ्या राहिलो. मी काट्याकडे बघत होते आणि तो माझ्या डोळ्यांदेखत चढत होता. एसी बंद केला, तरी चढला. मग बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ बाहेर आली.

मी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

"पेटली का काय गं?" आई म्हणाली.

"न्हाय, वाफ हाय नुसती."

मागच्या जीपमधला एकजण पाण्याची बाटली घेऊन धावत आला आणि थेट रेडिएटरचं झाकण फिरवायला लागला. मी त्याचा हात धरून मागे ओढला. उकळतं पाणी तोंडावर उडालं असतं. तो रागावून निघून गेला. कडेला एक बाभूळ होती, तिच्या जेमतेम सावलीत आईला उभं केलं आणि इंजिन निवायची वाट बघत राहिले. निवल्यावर पाणी भरलं. पण पुढचा रस्ता तसाच होता, थांबत थांबत जायचा. अशा वेळी एकच उपाय असतो, गाडीतला हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनाची उष्णता तेवढीच आत ओढली जाते.

मे महिन्यात, भर दुपारी, काचा उघड्या ठेवून आणि हीटर लावून मी आईला सांगोल्याला नेलं. खिडकीतून रस्त्याची धूळ येत होती, समोरच्या जाळीतून भट्टीची धग येत होती. आईने पदर पट्टीवर दाबून धरला होता.

"डागदर काय म्हणला, आन् तू काय करतीस," ती एकदाच म्हणाली. पट्टीखालून पाणी गळत होतं ते टिपत राहिली. ती कुरकुरली असती तर मला बरं वाटलं असतं.

रात्री मी तिच्याकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक होता. दवाखान्यात फोन केला, त्यांनी थेंब चालू ठेवा, दोन दिवस बघा म्हणून सांगितलं. मग मी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडे तोच माणूस.

"मग पंख्याची मोटर गेली असणार, मॅडम. आख्खा पंखाच बदलावा लागेल. गाडी सोडून जा."

"तुम्ही तर चेक केलं होतं ना?"

"केव्हा आणताय तेवढं सांगा," तो म्हणाला. मी फोन ठेवला आणि ठरवलं, आता यांच्या हातात गाडी द्यायची नाही.

दोन दिवसांनी सकाळच्या गारव्यात कुठे न थांबता सोलापूरला, शुक्रवार पेठेतल्या घरी परत आले. आमच्या गल्लीत एक शेजारी आहेत, मालवाहू टेम्पो चालवतात. बॉनेट उघडलेलं बघून तेही आले. सगळं ऐकून म्हणाले, "भाभी, मोटरच जळली असेल. बरोबर सांगतायत ते."

"असेल तर असेल. पण आधी बघू तरी."

पंखा कसा तपासायचा त्याचा व्हिडिओ मी फोनवर लावला होता. एसी सुरू केला की पंखा फिरायला हवा. नाही फिरला. फ्यूज काढून बघितला, तो शाबूत. मग रिले, म्हणजे पंख्याला वीज सोडणारी ती छोटी डबी. हॉर्नचा रिले तसाच असतो, म्हणून पंख्याचा तिथे लावून हॉर्न दाबला. गल्लीतली कुत्री उठली. म्हणजे रिलेही ठीक. मग पंख्याचा प्लग सोडवला आणि बॅटरीपासून दोन वायरी थेट मोटरला टेकवल्या.

"हात लांब ठेवा भाभी, हा सांगून फिरत नाही," शेजारी म्हणाले, तोच पंखा घरघरत सुटला. जाळीतला कचरा बाहेर उडाला. हीच मोटर बदलायला मला गाडी सोडून जायला सांगितलं होतं.

शेजाऱ्यांनी टेम्पोतून तपासणीचा बल्ब आणला. एक टोक प्लगमधल्या वीज आणणाऱ्या वायरीला, दुसरं गाडीच्या पत्र्याला लावलं, बल्ब लागला. तेच दुसरं टोक प्लगमधल्या काळ्या वायरीला लावलं, बल्ब मेलेला. वीज येत होती, तिला परतायला वाट नव्हती. त्या काळ्या वायरीवर बोट ठेवून मी खाली खाली जात राहिले. बंपरच्या मागे तिचं टोक सुटं लोंबत होतं. पत्र्यात बोल्टचं भोक होतं, बोल्ट नव्हता.

आणि मला आठवलं. हिवाळ्यात सांगोल्याच्या रस्त्यावर एक बकरं आडवं आलं होतं. बकरं वाचलं, बंपर फुटला. तो काढून नवा बसवला होता याच सर्व्हिस सेंटरने. वायर सोडली, पुन्हा आवळायची विसरले. थंडीत पंख्याची फारशी गरज पडली नाही, म्हणून कळलं नाही इतकंच.

शेजाऱ्यांनी टेम्पोतला एक बोल्ट दिला, त्याने वायर आवळली, प्लग जोडला, एसी लावला, पंखा फिरला. शेजारी हसले. मला हसू येईना. पट्टी दाबून बसलेली आई डोळ्यांसमोरून जात नव्हती.

पुढच्या इंजेक्शनला आईला आणलं तेव्हा दवाखान्याआधी गाडी त्या सर्व्हिस सेंटरकडे वळवली. त्या माणसाला लोंबणाऱ्या वायरीचा फोटो दाखवला. त्याने तो बघितला, चूक कोणाची आहे तेही त्याला कळलं.

"आता गाडी चालतीय ना मॅडम? मग झालं की."

"नाही झालं. बाहेर चला. माझी आई बसलीय, तिला सांगा."

तो आला, कारण बाकीची गिऱ्हाइकं ऐकायला लागली होती. आईने काच खाली केली. "आजी, उन्हाळ्यात गाड्या तापतातच," तो म्हणाला.

"गाडी तापू दे की, लोकंडाची हाय ती," आई म्हणाली. "माजी पोरगी पंख्याचं सांगत हुती, तवा तू तिचं ऐकलंस का न्हाय, तेवढं सांग."

तो इकडेतिकडे बघायला लागला. आई चांगल्या डोळ्याने त्याच्याकडे बघत राहिली, घाई न करता. शेवटी तो म्हणाला, "नाही ऐकलं."

"व्हय, मग तसं म्हण."

तेवढ्यात आतून मॅनेजर आला आणि पुढची सर्व्हिसिंग फुकट करून देऊ म्हणायला लागला. म्हणत होता तो माझ्याशीच, नवरा सोबत नव्हता. नको म्हटलं आणि गाडी काढली. तिथे पुन्हा गेले नाही. आजही त्या रस्त्याने जाताना माझे दात आवळले जातात.

दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. आईचा डोळा निवळला होता, डॉक्टर काय म्हणतात तेवढं बघायचं होतं. बाकावर बसल्या बसल्या तिने हळूच विचारलं, "लई बोलले का गं मी?"

"कमीच बोललीस," मी म्हटलं.