अक्काचा लातूरचा फोटो

आमच्यात जलदानविधीला बुद्धमूर्तीशेजारी गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात. माझी थोरली बहीण, अक्का, लातूरच्या दवाखान्यात वारली. नांदेडला परतल्यावर मी मोबाईल घेऊन फोटो स्टुडिओत गेले. तिचा एकच फोटो माझ्याकडे होता. संध्याकाळी फ्रेम हातात आली. नाकडोळे अक्काचे, रंग मात्र दुसऱ्याच कोणाचा.

“उजळ करून दिलंय मॅडम,” स्टुडिओवाला म्हणाला. “समद्यांनाच देतो. लोकांना बरं वाटतं.”

घरी मायनं पदरानं काच पुसली, पुन्हा पुसली.

“ही कोन गं?”

काकू म्हणाली, “ऱ्हाऊ दे की. जित्तेपनी गोरी झाली न्हाई, आता तर होऊ दे.”

अक्का कुणाला फोटो काढू देत नसे. आम्ही उमरीला शाळेत होतो तेव्हा टीव्हीवर एक सिनेमा लागला. त्यातल्या मोलकरणीला तोंडाला काळं फासून उभं केलं होतं. ती दिसली की हिरो पळायचा आणि लोक हसायचे. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मुलींनी अक्काला त्या मोलकरणीचं नाव ठेवलं. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक फोटोत ती कुणाच्या तरी मागे असते. खांदा दिसतो, कधी वेणी.

पुढे ती कंधारला नर्स झाली. लातूरला खाटेवर पडल्या पडल्या दुपारी ती माझ्या मोबाईलवर हिंदीत डब केलेले परदेशी सिनेमे बघायची. त्यात ती काळी बाई शोधायची. “थांब, आली बघ.” ती बाई कुणाच्या तरी स्वयंपाकघरात असायची, नाहीतर कंबरेवर हात ठेवून ओरडत असायची.

“तिकडंबी आपल्याला भांड्यालाच ठेवलंय,” अक्का म्हणायची. हसली की तिला धाप लागायची.

मी ग्रंथालयात नोकरी करते. पडद्यावर जे वारंवार दिसतं ते नजरेत कसं मुरतं, असं काहीबाही वाचलेलं मी सांगू लागले.

“पुस्तकातलं नको सांगू. अंगावर पांढरा ड्रेस असताना बाया मला म्हनायच्या, मावशी, फरशी पुसून घ्या अन् सिस्टरला बोलवा. त्यांनी काय पुस्तक वाचलं होतं?”

एका सिनेमात मात्र काळी बाई डॉक्टर होती. घरी येऊन ती खिडकीपाशी नुसती बसते, एवढाच प्रसंग. अक्कानं तो तीनदा मागे घ्यायला लावला.

“हिच्या तोंडावर उजेड कसा नीट पडलाय बघ.”

मग उशीला टेकून बसली, केसांवरून हात फिरवला. “माझा एक काढ. खिडकीकडून.”

तोच हा फोटो. तोच मी उजळलेला घेऊन आले होते.

सकाळी पुन्हा स्टुडिओत गेले. “आहे तसाच द्या.”

“अंधारात काढल्यावानी दिसंल, मॅडम.”

“दिसू द्या.”

विधीच्या दिवशी फुलं वाहायला आलेली एक नातलग बाई फ्रेमपुढं थबकली. “दुसरा चांगला फोटू नव्हता का गं?”

सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

“तिनं सांगून काढून घेतलेला हा एकच आहे,” मी म्हणाले.