पुण्याला पाठवलेल्या डिस्क

माझं आणि मुलीचं बोलणं तिच्या आईमार्फतच होत होतं, हे बायको वारल्यावर मला कळलं. मुलगी पुण्याला एका दवाखान्यात नर्स होती, दोन मैत्रिणींसोबत खोली करून राहायची. तिचा फोन आला की बायको अंगणात फिरत फिरत बोलायची, हसायची, आणि शेवटी फोन माझ्या हातात द्यायची. "जेवली का?" मी विचारायचो. "हो बाबा. तुम्ही?" "जेवलो." एवढ्यावर आमचं आटपायचं. बायको गेल्यावर मधलं सगळं गळालं, आणि उरलं ते हे शेवटचंच.

मी पाटबंधारे खात्यातून नुकताच रिटायर झालो होतो. गोंदियाजवळ कुडव्याला घर. दिवस फार लांब वाटायचे. विहारात वंदनेला जायचो, तिथून आलो की कुलूप उघडायचं आणि आत कोणीच नाही.

शेजारच्या लग्नात व्हिडिओवाला पाहिला, तेव्हा डोक्यात आलं की आपण कॅमेरा घ्यावा. इथलं सगळं उतरवून तिला पाठवावं. बोलायचं काय हा प्रश्नच राहणार नाही.

गोंदियाच्या बाजारात एक दुकान होतं. दुकानदार हिंदीतच बोलायचा. त्यानं काउंटरवर कॅमेरे मांडले आणि म्हणाला, "काकाजी, पहले ये बताओ, रिकॉर्ड करके रखना काहे में है?"

मला वाटलं होतं कॅमेरा म्हणजे कॅमेरा. तो समजावत गेला. एकात छोटी कॅसेट लागते. चित्र सगळ्यात साफ, पण पाहायचं असेल तर कॅमेराच टीव्हीला जोडायचा. एकाच्या पोटातच हार्ड डिस्क, तासन् तास भरत राहा, पण काढायला कॉम्प्युटर पाहिजे. एकात नखाएवढं कार्ड, ते नवीनच आलं होतं. आणि चौथ्यात तळहातावर मावणारी डीव्हीडी.

"ये वाली निकालो और प्लेयर में डालो, बस."

"कुरिअरनं जाते?"

"लिफाफे में जाएगी. जाना कहाँ है?"

"मुलीकडे. पुण्याला."

"तो फिर सोचना क्या है?"

कॅसेटवाल्याचं चित्र खरंच चांगलं होतं, तो स्वतःच तसं म्हणाला. पण मुलीच्या खोलीवर डीव्हीडी प्लेयर आहे हे मला माहीत होतं, बायकोनंच कधीतरी सांगितलं होतं. मी डिस्कवाला घेतला.

पहिल्या डिस्कवर घर उतरवलं. दुसरीवर गल्ली, भाजीची गाडी, समोरच्यांचं नवं गेट. मग कामठ्याला मोठ्या भावाकडे गेलो. धानाची कापणी चालू होती. वहिनीसमोर कॅमेरा धरला तर ती पदर सावरून उभीच राहिली.

"बोल ना काही," मी म्हटलं.

"कोणाशी बोलू? तुमच्या त्या डब्याशी?" आणि मग एकदम, मुलीचं नाव घेऊन, "काऊन वो बाई, मोठी आईले इसरली का? कई येतेस?"

बांधावरच्या बाया खो खो हसल्या. घरी आल्यावर कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते मी पुन्हा पुन्हा पाहिलं. माझ्याकडे प्लेयर नव्हता, लागतही नव्हता.

डिस्क पोचली की मुलीचा फोन यायचा.

"मिळाली बाबा."

"पाहिली का?"

"पाहिली. मस्त आहे."

"मोठी आई काय म्हणे, ऐकलं?"

"तुम्ही सांगा ना, काय म्हणे."

आणि मी सांगायचो. वहिनीचं सांगता सांगता भावाच्या गुडघ्याचं निघायचं, बोडीच्या तळ्यात यंदा पाणी किती ते निघायचं, समोरच्यांच्या गेटवरून झालेलं भांडण निघायचं. फोन कानाला गरम व्हायचा. मी अंगणात फिरत बोलतो आहे, हे एकदा माझ्याच ध्यानात आलं आणि मी थबकलो. दर महिन्याला एखादी डिस्क जायची. काय उतरवावं हे शोधत मी स्कूटरवर भटकायचो. एकदा तर आमच्या जिल्ह्यातल्या प्रतापगडापर्यंत गेलो.

उन्हाळ्यात पुण्याला गेलो. मुलगी ड्यूटीवर होती, तिच्या मैत्रिणीनं चहा केला. टीव्हीखाली माझ्या डिस्क नीट रचून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, "लाव ना एखादी. मोठ्या टीव्हीवर मी पाहिलीच नाही."

ती पोरगी मोकळेपणानं म्हणाली, "काका, त्या लागतच नाहीत हो. आम्ही किती वेळा करून पाहिलं."

तिनं लावूनही दाखवली. प्लेयरनं घरघर केलं आणि पडद्यावर डिस्क नाही असं आलं. दुसरी लावली, तेच. मी चहा संपवला. मैत्रीण आत गेल्यावर त्या निळ्या पडद्याकडे पाहत बसलो. एवढे महिने मी कोणाला काय दाखवत होतो? वहिनीनं बांधावरून विचारलेलं कोणाच्याच कानावर गेलं नव्हतं.

संध्याकाळी मुलगी आली. टीव्ही चालू, डिस्क बाहेर. ती समजली. चप्पलही न काढता दारात उभी राहिली.

"मले सांगितलं काऊन नाही?" मी विचारलं. आवाज चढवायचा नव्हता, पण चढला.

"पहिल्याच वेळी सांगणार होते," ती म्हणाली. "तुम्ही फोन उचलला आणि बोलतच राहिले. आई गेल्यावर पहिल्यांदा. मधे कुठे थांबलेच नाही तुम्ही." तिनं चप्पल काढली. "लागत नाही म्हटलं असतं तर तुम्ही कॅमेरा ठेवून दिला असता. मग पुन्हा 'जेवली का' आणि 'जेवलो'."

मी उठून टीव्ही बंद केला. ती म्हणाली ते खरंच होतं.

येताना डिस्क सोबत आणल्या आणि गोंदियाच्या त्या दुकानदारासमोर ठेवल्या. त्यानं कॅमेऱ्याचा मेनू उघडला. "फायनलाइज नहीं किया, काकाजी. रिकॉर्डिंग के बाद ये करना पड़ता है, नहीं तो सिर्फ इसी कॅमेरे में दिखेगी." एक बटन, थोडा वेळ, झालं. कॅमेऱ्यासोबतच्या इंग्रजी पुस्तकात ते लिहिलेलं होतं म्हणे.

घरी बसून मी सगळ्या डिस्क तशा केल्या, आणि दुकानातून आणलेल्या प्लेयरवर एकेक लावली. फोनवर जे इतकं रंगवून सांगितलं होतं त्यातलं फार थोडं त्यांत होतं. चित्र हलतं, वहिनीचा अर्धाच चेहरा. मग घराची डिस्क लागली. कॅमेरा बैठकीतून निघतो, स्वयंपाकघरात जातो, मागच्या पडवीत जातो, पुन्हा बैठकीत येतो. एकाही खोलीत कोणी नाही. माझा आवाजही नाही, नुसता पंखा. उतरवताना मला ते दिसलं नव्हतं. मी मधेच बंद केली.

बाकीच्या डिस्क पुन्हा पुण्याला पाठवल्या, ती तेवढी ठेवून घेतली. मुलीनं पाहिल्या, मोठी आईवर खूप हसली. पण आता तिनं खरंच पाहिलं होतं, तेव्हा मला सांगण्यासारखं कमीच उरलं. पुढे तिचं लग्न झालं, नाशिकला गेली. तसल्या डिस्क दुकानात येणं बंद झालं आणि कॅमेरा बायकोच्या कपाटात गेला.

आता तिचा फोन रविवारी येतो. जावई बोलतात, नातू बोलतो, मग ती. कधी लांबतं, कधी नाही. एखाद्या रविवारी भाजीत मीठ जास्त पडलं एवढंच सांगण्यासारखं असतं. तेही मी सांगतो.