श्यामलाताई आणि मृदुलाचं चकाचक घर

श्यामलाताईंचं एक आहे, क्लिनिकमधून पेशंट घरी गेला तरी त्यांच्या डोक्यातून काही तो जात नाही. न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावात एका छोट्या क्लिनिकमध्ये त्या नर्स आहेत. मूळच्या मिरजेच्या, पण इथे येऊन इतकी वर्षं झाली की डेअरीवाला त्यांना बघूनच दूध काढून ठेवतो. इथल्या मराठी लोकांत कुणाला ताप आला की आधी ताईंना फोन, मग डॉक्टरला.

या हिवाळ्यात त्यांच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता आरव. चार वर्षांचं पोर ते! छाती भरायची, श्वासाची शिट्टी वाजायची, बरगड्या आत ओढल्या जायच्या, की चला हॉस्पिटल. तिथे बरा व्हायचा, हसत-खेळत घरी जायचा, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. क्लिनिकमध्ये त्याच्या तोंडाला पफर, म्हणजे श्वासाचा पंप, लावताना ताईंना वाटायचं, औषध देतोय खरं, पण परत पाठवतोय कुठे याला?

म्हणून एका शनिवारी त्या खिचडीचा डबा घेऊन सरळ त्याच्या घरी गेल्या, आणि दारातच त्यांना कळलं. डोंगराच्या सावलीतलं जुनं लाकडी घर, दुपारीच ऊन गायब. पायात मोजे असूनही जमीन बर्फासारखी. काचांवरून पाणी ओघळतंय, कुबट वास, आणि आरवच्या पलंगामागची भिंत बुरशीने काळीकुट्ट. स्वयंपाकघरात वाफ बाहेर खेचणारा पंखाच नाही, कुकरची सगळी वाफ घरातच. त्यात मृदुला, म्हणजे आरवची आई, गारठा येतो म्हणून खिडक्या उघडायची नाही आणि बाहेर वाळत नाहीत म्हणून कपडेही आतच टाकायची.

"अगं, घरमालकाला सांग ना! इथे कायदा आहे. हीटर, पंखा, सगळं त्यांना द्यायलाच लागतं."

"गुरुनाथकाकांना कसं सांगू, ताई?" मृदुला ओघळणारी काच पुसायला लागली. "आम्ही नवीन आलो तेव्हा कुणी घर देत नव्हतं. आधी इथे कुठे राहिलात विचारायचे, कुठेच नाही म्हटलं की संपलं. काकांनी एअरपोर्टवरून थेट इथे आणलं. काकूंनी कितीतरी दिवस डबे दिले. आता त्यांच्यावरच उलटू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

ताईंना रागही आला आणि तिचं पटलंही, हाच तर वैताग! कुणी वाईट असतं तर भांडता तरी आलं असतं.

शेवटी त्यांनी वाट काढली. पोर सारखं हॉस्पिटलमध्ये जात असेल तर सरकारतर्फे घर बघायला माणूस पाठवतात, फुकट. "तक्रार नाही गं, नुसती तपासणी," असं म्हणत म्हणत त्यांनी मृदुलाला राजी केलं. आणि निघताना, बूट घालता घालता, सवयीने बोलून गेल्या, "बुधवारी तपासणीवाली नायरी येईल हं. जरा आवरून ठेव."

झालं!

बुधवारी दार उघडलं आणि ताई उंबऱ्यातच थबकल्या. घर चकाचक. भिंत ब्लीचने घासून पांढरीफटक, वर आरवच्या डायनोसॉरचं पोस्टर. नवी चादर, उदबत्ती, आणि मैत्रिणीकडून आणलेला मोठा हीटर दोन दिवस नुसता भणाणत होता. ओटा पुसलेला, काचा कोरड्या, कपड्यांचा मागमूस नाही.

नायरी म्हणजे पांढऱ्या केसांची, धिप्पाड, प्रेमळ माओरी बाई. "किया ओरा!" असा माओरी नमस्कार करत बूट बाहेर काढून आत आली. भिंतीला ओल मोजायचं यंत्र लावलं, इतका कमी आकडा बघून भुवई वर केली, पुन्हा लावलं. "ओल वगैरे दिसते का गं घरात?"

"नो नो, ऑल गुड!" मृदुला घाईने म्हणाली आणि पोह्यांची बशी पुढे केली.

नायरी खूश! एवढं ऊबदार घर या रस्त्यावर पहिल्यांदाच बघतेय म्हणाली, पोहे संपवले आणि बॅग बंद करायला लागली.

ताईंना राहवेना. मराठीतच फुटल्या, "मृदुला, ती भिंत कुठे गेली?"

"घासली. तुम्हीच म्हणालात ना!"

"म्हणाले. चुकलंच माझं, जीभ कशी झडली नाही माझी! आता खरं सांग तिला."

"परक्या बाईला सांगू की माझं घर घाण आहे?" मृदुलाचे डोळे भरले. "रोज घासते हो मी. रोज! आणि रोज परत येतं. माझं पोर आजारी पडतं ते मला घर ठेवता येत नाही म्हणून, असंच म्हणतील ना सगळे?"

म्हणजे इतके महिने ही पोरगी असं समजत होती?

"अगं वेडे," त्यांनी तिचा हात धरला, "तू सोनं लावून घासलंस तरी ते येणार. ते घरात मुरलंय. जमिनीखालून ओल येते, वाफेला वाट नाही, ऊन नाही. तू कुठेही कमी पडलेली नाहीस."

आतून आरवचा खोकला आला, तोच कोरडा, थांबता थांबेना असा. मृदुलाने नाक पुसलं. तडक आत गेली, नवी चादर ओढून काढली आणि गादी उलटी केली. खालची बाजू काळी.

मागोमाग आलेल्या नायरीने वाकून त्यावरून बोट फिरवलं. मग बॅग पुन्हा उघडली. "थँक यू, लव्ह," एवढंच म्हणाली.

काकांना निरोप गेला. कुरकुरत का होईना, पंखा आला, हीटर आला, जमिनीखाली प्लास्टिक अंथरलं. मृदुला आता सकाळी कुडकुडत खिडक्या उघडते. आरवला सर्दी होते, पण हॉस्पिटल त्यानंतर नाही. काका मात्र ताईंशी बोलेनात.

मग मराठी मंडळाच्या जेवणात काकांनी हॉलभर ऐकू जाईल असा टोमणा मारला, "या, या! घरमालकांच्या कर्दनकाळ आल्या!" आणि स्वतःच हसले, आणि हसता हसता खोकल्याने वाकले.

ताईंचे कान टवकारले. "काका, कधीपासून हा खोकला?"

"थंडीचा आहे. सगळ्यांनाच असतो."

"झोपता कुठल्या खोलीत?"

"मागच्या." काका जरा थांबले. "ऊन नाही येत तिथे."

काकू भज्यांची ताटली घेऊन उभ्या होत्या, हळूच म्हणाल्या, "कपाटामागे बघवत नाही हो, ताई. मी रोज पुसते."

ताईंना एकदम गलबलून आलं. ज्याने घर दिलं तोही तसल्याच घरात झोपत होता.

"शनिवारी येते."

"त्या बाईला घेऊन?" काका गुरगुरले, पण भजं पुढे केलं.

"आधी एकटीच येते." ताईंनी ते घेतलं, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आणि काकू, शपथ आहे माझी, काही म्हणजे काही आवरू नका!"