रोषणाईचा अर्थ कुंभार पिंपळगावात कळला

मोबाइल नव्हते तेव्हाची गोष्ट. कॉलेजातला माझा दोस्त रफिक, त्याच्या बहिणीचं लग्न. त्यानं बूथवरून पुण्याला फोन केला, "लग्नाला यायचं म्हंजी यायचं. अन् अब्बांसाठी चांगली रोशनाई आण. इकडं मिळून न्हाई राह्यली." लाइन तुटली. मी तपकीर गल्लीतून दिव्यांच्या रंगीत माळा घेतल्या आणि निघालो.

कुंभार पिंपळगावला, रफिकच्या गावी, जाणार असाल तर जालन्यापर्यंत गाड्या भरपूर आहेत. पुढं अंबड, घनसावंगी करत जाणारी एसटी. ती सावकाश जाते, रस्ता हाडं मोजतो, पण भाडं अगदी किरकोळ. अंबडच्या स्टँडवरची गरम भजी चुकवू नका. आणि शेजारच्यानं भाकरी पुढं केली तर नाही म्हणू नका.

रफिकचे अब्बा, म्हणजे माझे चाचा, उर्दू शाळेतले निवृत्त मास्तर, ओट्यावर वाट बघत होते. मी माळा काढल्या. चाचांचा चेहरा उतरला.

रफिकनं कपाळावर हात मारला. "अरे, आमच्यात रोशनाई म्हंजी शाई! लायटिंग न्हाई!"

चाचा लेकीसाठी रुखसती, म्हणजे पाठवणीची कविता, बोरूनं लिहिणार होते. निकाह दुसऱ्याच दिवशी. गावात मिळायची ती फिकट निळी शाई.

मी ओशाळलो. चाचाच समजूत घालू लागले, "लफ्ज एकच हाय, बेटा. रोशन म्हंजी उजळ. तुमच्याकडं त्याचा उजेड झाला, आमच्याकडं शाई."

"पण शाई तर काळी!"

नवरी, नसरीन, मेंदीचे हात पुढं धरून दारात आली. "अब्बा, दादी काजळीची शाई करायच्या न्हाई का? मंग आपण बी करू. जल्दी!"

तेलाच्या दिव्यांवर पितळी परात उपडी धरली. जमलेली काजळी खरवडून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात मी आणि रफिक घोटत बसलो. "अजून घोटा, बिलकुल पाणी हाय," नसरीन बजावायची. ऊन कललं तेव्हा चाचांनी बोरू बुडवला. पहिली ओळ उमटली, काळीभोर, ओली, उन्हात लखलखणारी.

"दिव्यातून निघती म्हणूनच हे नाव पडलं असंल," चाचा पुटपुटले.

माळाही मांडवावर लागल्या. दुसऱ्या दिवशी निकाह झाला, दालचा-भाताच्या पंगती उठल्यावर चाचा वाचायला उभे राहिले. दोन ओळी झाल्या आणि आवाज फुटेना. मग नसरीननंच कागद घेतला आणि आपल्या पाठवणीची कविता अब्बांना शेवटपर्यंत वाचून दाखवली.

पुण्यात आल्यावर बायको म्हणाली, "नखं किती काळी ती!" शाई बरेच दिवस निघाली नाही. मीही नखं फार घासली नाहीत.