प्रयोगातले बाकीचे ससे

आधीच सांगते, मी इथे चिडून लिहितेय. असले भुताखेतांचे अनुभव मी आजवर फक्त हसण्यासाठी वाचले. बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणत वाढले, चमत्कारवाल्यांचं पितळ उघडं पाडणारी पत्रकं वाटली, ‘भूत दाखवा’ म्हणून भर चौकात आव्हानं दिली... आणि आता माझ्याच घरातलं घेऊन तुमच्यासमोर उभी आहे. हसा खुशाल.

ठिकाण — मरोळ, अंधेरी पूर्व. औद्योगिक वसाहतीमागची, झोपडपट्टी पुनर्वसनाची एसआरए बिल्डिंग, पाचवा मजला, एक खोली. तिथे मी आणि माझी मावशी राहतो. मावशी मूळची अकोल्याची. आयुष्य इथल्या पॅकिंगच्या कामात गेलं, बोली मात्र गावचीच राहिली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी सरळ सांगितलेलं — पिकलाय, आता टाळलंत तर डोळ्याचा दाब वाढून नजर कायमची जाईल.

वसाहतीतल्या एका लॅबमध्ये सशांवर प्रयोग चालायचा. मोतीबिंदू होईल असं रसायन सगळ्यांना द्यायचं. अर्ध्यांना त्यासोबत अँटिऑक्सिडंट औषध, अर्ध्यांना नाही. मग बघायचं, कोणाचे डोळे वाचतात! आम्ही कार्यकर्त्यांनी गेटवर घोषणा दिल्या, निवेदनं दिली. मिळालं काय? दोन ससे. आमचं तोंड बंद करायला दिल्यासारखे. बाकीच्यांना मारून त्यांचे डोळे काढले होते, आतलं भिंग तपासायला. हे मला ससे आणून देणाऱ्या माणसानेच खालच्या आवाजात सांगितलं. मावशीला मी यातलं काही बोलले नाही.

एकाला औषध मिळालेलं, त्याचे डोळे काचेसारखे लख्ख. मावशीने त्याचं नाव ठेवलं साहेब. दुसऱ्याचे डोळे दुधासारखे पांढरे, पूर्ण आंधळा. तो तिचा पार्टनर.

“मंग ते साहेबाचं औषध मले आण ना.”

“मावशी, ते आधीपासून द्यावं लागतं. आलेला मोतीबिंदू त्याने जात नाही. आणि माणसांवर अजून काही सिद्धच झालेलं नाही.”

“म्हंजे सशाले आहे, मले नाही. वा रे तुमचं सायन्स!”

ज्या प्रयोगाविरुद्ध मी घसा फोडला, तो माझ्याच घरात लख्ख डोळ्यांनी कोथिंबीर खात बसलेला.

थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, मावशी वैतागून म्हणाली, “तू दोनच आणले म्हणाली न? मंग हे बाकीचे कोणाचे?”

“कुठले बाकीचे?”

“हे काय, भितीच्या कडेनं चालले. घरात पाय ठेवाले जागा नाही, अन् तू...”

“मावशी, तुला समोर मी दिसत नाही आणि ससे दिसतात?”

“तेच तर! तू धुरकट, भित धुरकट. हे मात्र चोख दिसतात.” मग खाली वाकून — “पण एकालेही डोळे नाहीत गं.”

डोळे काढल्याचं मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नजर कमी झाली की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो. वेड नाही, भूत नाही. झकास! आणि डोळ्यांचं म्हणाल, तर मी फोनवर बोलताना तिने ऐकलं असेल. तुम्ही कमेंटमध्ये लिहायच्या आधी मीच लिहून टाकते.

पण पार्टनरचं काय?

घरी आले तर मावशीची मान खिडकीकडून मोरीकडे हळूहळू वळत होती. आंधळ्या पार्टनरचीही. अगदी बरोबरीने.

मी पंखा बंद केला, टीव्ही बंद केला. दोघांच्या मध्ये चादर बांधली. मावशीला बजावलं, “तोंडातून शब्द काढायचा नाही, नुसतं बोट दाखव.” आणि स्टुलावर चढून दोन्हीकडे बघत राहिले. बोट सरकलं, नाक सरकलं. बोट थांबलं, नाक थांबलं. आवाजाने वळला असता तर आधी कान वळले असते. ते पाठीवर पडलेले. मग बोट माझ्या स्टुलाच्या पायाशी आलं. नाकही तिथेच आलं. साहेब? साहेब देठं चघळण्यात गुंग.

जागा बदलून केलं, दिवस बदलून केलं. तेच. मावशीचे डॉक्टर म्हणाले, मी माणसांचा डॉक्टर आहे. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, ससा आंधळाच आहे, शंकाच नको. व्हिडिओ ग्रुपवर टाकला तर आमचेच कार्यकर्ते — “काय यार, तू पण?”

आणि खरी वाट पुढे लागली.

“मी नाही येत ऑपरेशनले,” मावशी म्हणाली.

“का?”

“मले साफ दिसाले लागल्यावर यांच्याकडे कोण पाहणार?”

“पार्टनर आहे ना!”

“तो एकटा पडते मंग.”

“अगं, ठार आंधळी होशील! मेलेल्या सशांसाठी?”

“मेलेले?”

मी जीभ चावली. तिने पार्टनरला उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, “पोरी, एक डोळा तुह्यासाठी करतो. एक राहू दे.”

मी भांडले, रडले, डॉक्टर चिडले. ती हलली नाही. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर मला बघून पहिलं काय बोलली? “किती वाळली गं! जेवते का नाही?”

घरी आल्यावर तिने सगळी खोली पाहिली. कोपरे, पलंगाखाली, मोरी. “गेले,” म्हणाली. मी सुटकेचा निःश्वास सोडतेय, तोच तिने चांगल्या डोळ्यावर तळहात ठेवला.

“नाही गं. आहेत.”

दुसऱ्या डोळ्याची तारीख मी पुन्हा पुन्हा घेते, मावशी जात नाही. कोणी म्हणतं मेंदूचा खेळ, कोणी म्हणतं योगायोग, कोणी मलाच खोटारडी म्हणतं. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. आयुष्यभर मी कुणा ना कुणाविरुद्ध पत्रक काढत आले. इथे मावशीचा डावा डोळा रोज थोडा थोडा जातोय, आणि मला भांडायला समोर कुणी दिसतच नाही.