दौलताबादच्या हबशी वेलीचे पाच शेंडे

आधीच सांगते, मी भित्री बाई आहे. घाटात बस वळली की डोळे मिटून घेते, आणि नोकरीही अशी धरली आहे की रोज सकाळी दार उघडताना छाती धडधडावी. पुण्यातल्या एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये मी काम करते. झाडाच्या कोवळ्या शेंड्याचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढायचा, काचेच्या बाटलीत खाऊपाणी घातलेल्या जेलीवर ठेवायचा आणि त्यातून नवं रोप वाढवायचं, हे आमचं काम. बाटलीत एखादा जंतू शिरला की चार दिवसांत आत नुसती बुरशी. दोन वर्षांपूर्वी कोकणातल्या एका दुर्मीळ झाडाच्या सगळ्या बाटल्या माझ्या हातून अशाच गेल्या. तोवर मूळ झाड रस्त्याच्या कामात तोडलं गेलं होतं. ही गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही.

त्यामुळे दौलताबादहून भागवतकाकांचा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होते. काका ऐंशीच्या घरातले शेतकरी, लॅबचा नंबर कुणाकडून तरी मिळवलेला. त्यांच्या शेतात काळ्या द्राक्षाची एक जुनी वेल, गावात तिला हबशी म्हणतात. काकांच्या वडिलांनी निजामाच्या राज्यात लावलेली, अठ्ठेचाळीसची पोलिस ॲक्शन पाहिलेली. तशी दुसरी वेल पंचक्रोशीत उरलेली नाही.

"खोड वाळलंय बाई. एकच फांदी जित्ती हाय. काय करायचं ते लौकर करा," काका म्हणाले.

"रविवारी कोवळे शेंडे न्यायला येते," मी म्हटलं. एवढंच म्हटलं. आणखी दोन वाक्यं बोलले असते तर ही पोस्ट अर्ध्यातच संपली असती.

शनिवारी सकाळी वाकडेवाडीहून एसटी पकडली. सहा तास धरून चला, नगरच्या अलीकडे-पलीकडे ट्रकची रांग लागली तर सात. दिवाळी नुकतीच झाली होती, गाडी गच्च भरलेली, आणि माझ्या मांडीवर बर्फाचा डबा.

"मासे का, मॅडम?" कंडक्टरने विचारलं.

"नाही, रिकामा आहे."

"मग खाली ठेवा की!"

ठेवला नाही. कुणाची लाथ लागून झाकणाची कड मोडली तर? कंडक्टर पुढे जाऊन ड्रायव्हरला काहीतरी म्हणाला आणि दोघे हसले.

संभाजीनगरला मध्यवर्ती बसस्थानकाजवळ साधं हॉटेल घेतलं. संध्याकाळी गरम इमरती खाल्ली, तुम्हीही खा. भीतीने लोकांची भूक मरते, माझी वाढते. मी चार खाल्ल्या.

रविवारी सकाळी रिक्षा केली. खुलताबादकडे जाणारी एसटी स्वस्तात सोडते, पण मला फाट्यावर ताटकळायचं नव्हतं. छावणी, मिटमिटा मागे पडलं आणि रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या दिसू लागल्या. किल्ला समोर आला तसा रिक्षावाल्याने वेग कमी केला.

"किल्ला नै देखते क्या आप? सब किल्ला देखने कूच आते."

"आधी वेल बघायची आहे," मी म्हटलं. त्याने आरशातून माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं.

काका गोठ्यापाशी वाट बघत उभे होते. धुवट टोपी, चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्याचा आनंद. ओट्यावर ओल्या गोणपाटाचं एक गाठोडं होतं.

"घ्या. समदं तयार हाय."

मी गाठोडं सोडलं. आत पाच काड्या, टोकाशी कोवळे शेंडे, आणि प्रत्येकीच्या कापल्या तोंडाला शेणाचा लेप.

"काका, हे कधी काढलंत?"

"पहाटं, ऊन चढायच्या आदी. पाव्हण्या बाईला शिडीवर चढवायचं का?"

"सगळे काढले?"

"सगळे. एक बी ठेवला नाय. तुमचं अडायला नको."

मी वेलीकडे धावलेच. पांगाऱ्याच्या झाडावर चढवलेली वेल, मांडीएवढं काळं खोड, आणि वर एका फांदीवर पाच ताज्या जखमा. प्रत्येकीतून पाणी ठिबकत होतं. हिरवं असं काही उरलं नव्हतं.

काकांनी केलं ते शेतकरी कलमाची काडी पाठवताना करतात तेच. तोंडाला शेण लावायचं, ओल्या पोत्यात बांधायचं. मातीत लावायची काडी त्याने टिकते. पण माझ्या बाटलीत शेणाचा कणही गेला तर सगळं संपलं. मी दोनच शेंडे नेणार होते, म्हणजे फसलं तर परत येता आलं असतं. आता परत यायला काही नव्हतं. क्षणभर काकांचा राग आला, मग स्वतःचा इतका आला की तिथेच खाली बसावंसं वाटलं.

"चुकलं का काय माझं?" काका मागे येऊन उभे होते.

"नाही काका. छान केलंत."

"रोज सकाळी हितं येतो तवा पाय जड व्हत्यात. वाटतं, आज गेली असंल. लई भ्या वाटतं बाई."

मला लॅबचं दार आठवलं. आपल्यासारखंच कुणी घाबरतं हे कळून धीर यायला हवा होता, पण उलटंच झालं.

काकांच्या सुनेने, अर्चनाने, पाणी उकळून थंड केलं. मी शेण लागलेली टोकं बोटभर वरून कापून टाकली, काड्या तीनदा धुतल्या, स्वच्छ कागदात गुंडाळून डब्यात ठेवल्या. अर्चना बघत होती.

"मी लगीन करून आले तवापासनं हिला फळच नाय. चव फक्त मामंजींना ठाऊक," ती म्हणाली.

भाकरी, पिठलं, ठेचा समोर आला. नाही म्हणण्याची सोय नव्हती. पण या वेळी माझीही भूक मेली होती; चार घास कसेबसे उतरले आणि मी निघाले.

परतीच्या गाडीत मी डबा एकदाही उघडला नाही. उघडला तर गारवा जाईल, नाही उघडला तर आत काय चाललंय ते कळणार नाही. शेजारच्या बाईंनी डब्यावर पिशवी टेकवली तेव्हा मी अशी ओरडले की त्यांनी पुढच्या स्टॉपला जागाच बदलली. माफ करा हो ताई.

पुण्यात पोचल्यावर घरी न जाता थेट लॅबमध्ये गेले. शेंड्यांचे आणि काड्यांवरच्या डोळ्यांचे तुकडे करून तीस बाटल्या भरल्या. चौथ्या दिवशी पहिल्या बाटलीत पांढरं दिसलं, मग रोज एखादी, कधी चार-चार. तिसऱ्या आठवड्यात दोनच स्वच्छ उरल्या.

सहलीतून काय उरलं म्हणाल, तर दौलताबादला जाऊन किल्ला न बघितलेली मी एकटीच असेन. तुम्ही बघा. आणि कुणाकडे झाड मागायला जाणार असाल तर फोनवर सगळं नीट सांगा, संकोच करू नका.

दीड महिन्याने दोन्ही बाटल्यांत पान फुटलं. मी तिथेच रडले. काकांकडे फोन केला, तो अर्चनाने उचलला. वेल पुरती वाळली, असं तिने सांगितलं. मी तिला बाटल्यांचा फोटो पाठवला. थोड्या वेळाने काकांचाच फोन आला.

"बाई, हे आमचं पान नाय. आमच्या येलीचं पान तळहाताएवढं, कातरल्यावानी. हे गोल, बारकं कुणाचं?"

बाटलीत पान असंच निघतं, मातीत गेलं की रूप घेतं, असं मी समजावलं. ते खरंही आहे.

"तुमी म्हणता तर असंल. पन मी चाखल्याबिगर सांगायचो नाय."

"फळ यायला तीन वर्षं तरी लागतील, काका."

पलीकडे काका पुटपुटत वर्षं मोजत होते.

"थांबतो की," काका म्हणाले.

तेव्हापासून सकाळी आधी बाटल्या बघते आणि मग काकांना फोन लावते. त्यांनी तो लगेच उचलला नाही की मला घाम फुटतो.