जावई रुसला, सासू जेवली

लग्नानंतरच्या दुसऱ्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी सासुरवाडीला चार दिवस राहिलो आणि चारही दिवस हॉटेलात जेवलो.

सासरची माणसं वाईट नव्हती. सासूबाईंना भुसावळची अख्खी रेल्वेची चाळ ‘अक्का’ म्हणायची. स्वैपाकात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सासरे म्हणजे आबा, इंजिनाच्या कारखान्यात फिटर. बोलायला कमी आणि हट्टाला पक्के. मी धुळ्याला कचेरीत कारकून. माझी बायको सुभद्रा महिनाभर आधीच माहेरी आली होती. तिला घेऊन परतायचं, एवढंच माझं काम. महिनाभर मी हातानं करून खात होतो. (करून म्हणजे करपवून!) ती परत येणं हा माझ्या जिवाचा प्रश्न होता, आणि नुसता पोटाचा नव्हे. संध्याकाळी घराचं कुलूप काढताना मला अगदी रडू यायचं. पण हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नसतं, तिला तर मुळीच नाही.

आखाजीच्या दिवशी अंगणात चूल पेटली. अक्कांनी पालथं खापर तापवलं, हातावर फिरवत फिरवत उपरण्याएवढा मांडा केला आणि त्यावर टाकला. आत मी पाटावर. शेजारी आबा. पलीकडे चाळीतले मद्रासी गार्ड, त्यांना सणाचं जेवायला बोलावलेलं. आमरसाची वाटी भरली. अक्का पहिला मांडा घेऊन आल्या, माझ्यासमोरून पुढे गेल्या, आणि तो वाढला गार्डसाहेबांच्या ताटात!

दुसरा मला.

दुसरा! जावयाला दुसरा! मी आजूबाजूला पाहिलं. छत कोसळलं नव्हतं. आबा शांतपणे रस भुरकत होते. गार्डसाहेब तर कुतूहलानं मांड्याची घडी उलगडत होते, जणू त्यांना धोतर आहेर केलंय! माझ्या डोक्याची शीर ताडताड उडायला लागली. एरवी मी कचेरीतलं शुद्ध मराठी बोलतो, पण रागात ते पळून जातं आणि घरची अहिराणी बाहेर पडते. मी ताट सरकवून उभा राहिलो आणि ओरडलो,

“आजपाइन या घरनं पानी बी पेवाव नही मी!”

आता आमच्याकडे जावई रुसला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. सासरा हात धरतो. सासू डोळ्याला पदर लावते. कुणीतरी वडीलधारा मध्ये पडतो, ट्रंकेतून नवं धोतर निघतं, आणि जावई “नको, नको” म्हणत पुन्हा पाटावर बसतो. मी तरातरा उंबऱ्यापर्यंत गेलो आणि तिथं जरा रेंगाळलो. धरणाऱ्याला सोयीचं पडावं म्हणून एक हात मागंही ठेवला होता.

कुणी धरला नाही.

“जवाईबापूनं शबद देला,” आबा आतून म्हणाले. “आता शबद मोडाचा नही. त्याह्यले घरातलं पानी कोनी देऊ नका.”

“अन घरचं अन्न घेतल्याबिगर मी पोरीले वाटे लावनार नही,” अक्का म्हणाल्या. “आपल्यात तशी रीत नही.”

झालं! मी घरचं खाल्ल्याशिवाय सुभद्रा मिळणार नाही, आणि घरचं न खाण्याची शपथ मी चांगली चाळभर ऐकू जाईल अशी घेतलेली. सुभद्रा दाराआडून माझ्याकडे बघत होती. तिला काही बोलायचं होतं, पण माहेरी आईवडलांसमोर नवऱ्याशी बोलणार कशी? मी ओट्यावर जाऊन बसलो. म्हटलं, बसू देत. तासाभरात येतील मनवायला.

आबा तासाभरात आले. “चला,” म्हणाले.

“मी येणार नाही,” मी म्हणालो. (मनात म्हटलं, सुटलो.)

“घरात नही. टेसनापाशी. तठी काय हॉटेलं कमी हायेत? तुमचा शबद घरापुरता व्हता.”

तोवर अक्काही लुगड्याचा पदर नीट करत बाहेर आल्या होत्या. जावई जेवल्याशिवाय त्या तोंडात घास घालणार नव्हत्या, आणि मी खरोखर जेवलो हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. दोन पुरुषांत आईला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून मागून सुभद्रा. अशी आमची वरात निघाली. चाळीतल्या बाया दारात उभ्या राहून पाहत होत्या.

भुसावळ म्हणजे रेल्वेनं साऱ्या मुलखातून माणसं गोळा करून वसवलेलं गाव. मद्रासी गार्ड, पंजाबी ड्रायव्हर, गुजराथी दलाल, आणि प्रत्येकाच्या जिभेची सोय करणारं एकेक स्वस्त हॉटेल स्टेशनभोवती. पहिला मान मद्राश्याचा. त्यानं बायकांसाठी कोपऱ्यात पडदा लावला होता, तिथं आम्ही बसलो. अक्कांनी उभ्या जन्मात घराबाहेर चहासुद्धा घेतला नव्हता. समोर इडली आली. त्यांनी ती बोटानं दाबून पाहिली.

“हे काय व माय? भाताचा लाडू चेपला का कोनी?”

“खाऊन तं पाय,” आबा म्हणाले.

पोऱ्या माझ्याकडे वळला. “और?”

“नको,” मी म्हणालो.

आणि तो गेला! निघून गेला! अहो, आमच्याकडे पहिलं ‘नको’ म्हणजे ‘वाढा’. दुसरं ‘नको’ म्हणजे ‘थोडं वाढा’. तिसऱ्यांदा ताटावर आडवा हात धरला तर दोन बोटांच्या फटीतून वाढायचं. आणि हा प्राणी एका ‘नको’वर पाठ फिरवून चालता झाला! मी पानातल्या चटणीकडे बघत बसलो. राग असा आला होता की पुन्हा हाक मारून मागायची माझी तयारी नव्हती. जावयानं मागायचं असतं का कधी?

अक्का मात्र सांबार बोटानं चाटून विचार करत होत्या. “डाय तं तुरीचीच हाये. आंबट काय टाकलं यानं?” मग त्यांनी पडदा बाजूला केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “ओ भाऊ! आनखी चार आन!”

त्या रात्री मी अर्धपोटी ओट्यावर झोपलो. पाणी प्यायला स्टेशनच्या नळावर गेलो, तर तिथं मेल आलेली. दोनशे उतारूंच्या रांगेत मी एकटाच असा, ज्याला कुठं जायचंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काच ओट्यावर आल्या. मला वाटलं, आल्या मनवायला! मी लगेच तोंड फिरवलं.

“जवाईबापू, आज कुठी जाचं?”

गेलो इराण्याकडे. तिथं मी ठरवलं की आता रुसवा नीट दिसेल असाच करायचा. खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसलो. हाताची घडी. समोर चहा निवतोय, पाव-मस्का तसाच. इराणी शेठ गल्ल्यावरून म्हणाला, “साब को क्या हुआ?”

“जवाई हायेत,” आबा म्हणाले. “रुसेल हायेत.”

“अच्छा, अच्छा,” इराणी म्हणाला आणि पुन्हा चिल्लर लावू लागला. जणू मला पडसं झालंय आणि ते आपोआप बरं होणार आहे! मी भिंतीकडे बघत वाट पाहत राहिलो. मागून बशीचा आवाज आला. मला वाटलं, आता बशी पुढं करून कुणीतरी म्हणेल, ‘खा हो, असं काय करता.’ वळून पाहतो तर अक्का माझा पाव माझ्याच चहात बुडवत होत्या!

“तुम्हाले भूक नही वाटते,” त्या म्हणाल्या. “अन वाया कशाले जाऊ द्याचा?”

सुभद्रा पदर तोंडावर घेऊन हसत होती. बायको! हसत होती! मी दात-ओठ खाल्ले, आणि त्या दिवशी पोटात गेलं ते तेवढंच.

तिसऱ्या दिवशी गुजराथ्याची वीशी, म्हणजे खाणावळ. तिथं मात्र माझं नशीब उघडलं असं वाटलं. वाढणारा महाराज तुपाची वाटी घेऊन माझ्यासमोर वाकला आणि गोड आवाजात म्हणाला, “लो ने, शेठ, लो ने!”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीन दिवसांनी कुणीतरी आग्रह करत होतं! परका, अनोळखी माणूस, पण रीत जाणणारा! मी छाती भरून घेतली आणि मोठ्या मानानं म्हणालो, “नको.”

“अरे, एम केम चाले? लो ने!”

“नको, नको!” मी अगदी लाजून म्हणालो. तिसऱ्या ‘नको’ची तयारी करत होतो, तेवढ्यात अक्का मधे पडल्या.

“त्याह्यले काहीच नको राह्यते रे भाऊ. तीन दिवसाचे रुसेल हायेत. मले वाढ.”

महाराज वळला. वाटी वळली. तूप अक्कांच्या खिचडीवर पडताना मी डोळ्यांनी पाहिलं. जेवण झाल्यावर अक्का थेट त्याच्या स्वैपाकघरात गेल्या, कढीत काय घालतो ते विचारून आल्या, आणि त्याला वांग्याचं भरीत कसं करायचं ते शिकवून आल्या. मी आणि आबा बाहेर बाकावर. आबांनी पान लावलं. मला विचारलंसुद्धा नाही. विचारून मी काय म्हणणार, हे आता त्यांना पाठ झालं होतं.

चौथा दिवस उजाडला. दुपारी चारची गाडी. रजा संपलेली, दुसऱ्या दिवशी कचेरीत हजर झालो नाही तर साहेब माझा मांडा करणार. आणि सुभद्रेची पेटी अजून भरलेलीसुद्धा नाही! एकटाच धुळ्याला गेलो तर गल्लीत तोंड कुठं दाखवू? आणि ते कुलूप? ते मी एकट्यानं पुन्हा कसं उघडू?

सकाळीच आम्ही इंजिनांच्या शेडमागं पंजाब्याच्या ढाब्यावर. जमिनीत पुरलेली त्याची भट्टी पाहून अक्का थबकल्या. “हे तं आपलंच खापर व! फक्त पोटाशी विस्तव ठेयेल!” पुढच्या क्षणी त्यांनी कासोटा आवळला, बाह्या सारल्या आणि पंजाब्याला बाजूला सारून रोटी हातावर थापायला बसल्या. पंजाबी हात जोडून म्हणत होता, “माताजी, हाथ जलेगा!” चार ड्रायव्हर बाजेवर उठून बसले. अक्कांनी रोटी भट्टीच्या भिंतीवर अशी चिकटवली की सगळे “वाह!” म्हणाले. आणि पहिली रोटी निघाली ती पंजाब्याला! दुसरी एका ड्रायव्हरला! तिसरी दुसऱ्या ड्रायव्हरला!

माझा बांध फुटला.

“अक्का!” मी ओरडलो. “मी रुसलोय!”

“माहीत हाये ना,” अक्का भट्टीतून डोकं वर न काढता म्हणाल्या. “उद्या बी रुसा. उद्या सकायी पुन्हा मद्राश्याकडे जाचं ठरलं हाये.”

मी पाय आपटत निघालो. मागं वळून पाहिलं नाही. (एकदाच पाहिलं. कुणी येत नव्हतं.) चाळीत आलो, तर दाराला नुसती कडी. आत गेलो. घर रिकामं. चुलीपाशी मडक्यावर ओलं फडकं, आणि शेजारी एक ताट दुसऱ्या ताटानं झाकलेलं. वरचं ताट उचललं. खाली कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा.

मी इकडे-तिकडे पाहिलं. पोटात आगीचा डोंब. पण रीत म्हणजे रीत! मी ताटासमोर बसलो, स्वतःला म्हणालो, “घ्या हो, जावईबापू.” मग म्हणालो, “नको, नको.” मग म्हणालो, “असं कसं? चतकोर तरी घ्या!” तिसऱ्या ‘नको’ला मी थांबलो नाही. अर्धी भाकरी एका घासात कोंबली, ठेच्यानं नाकाडोळ्यांतून धारा लागल्या, मडक्यातून तांब्यावर तांब्या पाणी प्यालो आणि उरलेली अर्धीही तोंडात कोंबली.

दारात सुभद्रा उभी होती. माझ्यामागं धावत आल्यानं तिला दम लागला होता.

“रोज एक भाकर झाकून ठेवत व्हती मी,” ती हळूच म्हणाली. “म्हटलं, कव्हातरी घरात याल. तुम्ही येतच नव्हते.”

चार दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती. तोंडात भाकरी होती, हे एक बरं झालं.

तेवढ्यात आबा आणि अक्का आलेच. आबांनी माझ्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं, रिकाम्या ताटाकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “सुभद्रे, पेटी भर. जवाई घरचं जेवले.”

चारच्या गाडीला अक्का स्टेशनवर ढसाढसा रडल्या. मला भरून आलं. आईचं काळीज! मी खिडकीतून वाकून म्हणालो, “अक्का, रडू नका. पोरीला सुखात ठेवीन.”

“ते तं ठेवसानच,” अक्का डोळे पुसत म्हणाल्या. “पन तो बंगाली मिठाईवाला राह्यला ना आपला!”

सुभद्रा घरी आली, आणि धुळ्यात मी सगळ्यांना सांगत सुटलो की सासरच्यांनी चार दिवस माझ्या विनवण्या केल्या, तेव्हा कुठं मी मानलो. वर्षभर ते चाललंही. पुढल्या आखाजीच्या आधी आबांचं पत्र आलं. नेहमीसारखं चार ओळींचं: ‘चि. सौ. सुभद्रेस माहेरी धाडावे. आपण न्यावयास अवश्य यावे. येताना रुसूनच यावे, अशी अक्काची इच्छा आहे. आम्ही सर्व तयार आहोत.’

ते वाचून मला असा संताप आला, असा संताप आला, की मी त्याच पावली कचेरीत गेलो आणि चांगली आठ दिवसांची रजा टाकली!